लॅमिंग्टन रोडची सफर

बालदोस्तांनो, "कॉम्प्युटरचं सामान कुठे मिळेल?" असं मुंबईत कोणालाही विचारा, उत्तर ठरलेलं – लॅमिंग्टन रोड! घरात मुलाला किंवा मुलीला गेम खेळायला लॅपटॉप हवा असतो. आई-बाबांना वाटतं, तो अभ्यासालाही उपयोगी पडावा. पैसे मात्र मोजकेच. अशा कितीतरी घरांची पावलं इकडे वळतात. चला, आज आपणही एक फेरफटका मारू या. पाकीट खिशातच राहू दे, डोळे आणि कान तेवढे उघडे ठेवा!

पश्चिम रेल्वेच्या ग्रँट रोड स्टेशनवर उतरून पूर्वेला बाहेर पडलं, की थोडंसं चालून आपण इथे पोचतो. लॉर्ड लॅमिंग्टन हे १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. रस्त्याला त्यांचंच नाव मिळालं. आता पाटीवर 'डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग' असं लिहिलेलं असतं, पण लोकांच्या तोंडी अजून जुनंच नाव आहे. वायरी, चार्जर, कीबोर्ड, पंखे, स्पीकर... एकाला लागून एक दुकान! रविवारी मात्र बरीच दुकानं बंद असतात, हे लक्षात ठेवा.

याच रस्त्यावर पूर्वी 'मिनर्व्हा' नावाचं चित्रपटगृह होतं. १९७५ साली तिथे 'शोले' लागला आणि तब्बल पाच वर्षं मुक्काम ठोकून बसला! आता तुम्ही म्हणाल, शोलेचा आणि लॅपटॉपचा काय संबंध? आहे तर! सिनेमात एका सेकंदाला २४ चित्रं पडद्यावरून सरकतात, म्हणून आपल्याला हालचाल दिसते. गेममध्येही तसंच असतं, पण तिथे चित्रं आधी काढून ठेवलेली नसतात. तुम्ही डावीकडे वळलात, की डावीकडचं चित्र त्याच क्षणी काढावं लागतं. खेळ सुरळीत वाटायला सेकंदाला साधारण ६० चित्रं लागतात. नेहमीच्या पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लाखांहून जास्त ठिपके असतात. त्याला ६०ने गुणा बघू! सेकंदाला जवळजवळ साडेबारा कोटी ठिपके झाले. हे रंगकाम करणारा चित्रकार म्हणजे ग्राफिक्स कार्ड.

आता खरी गोम ऐका. लॅपटॉपमधल्या काही वस्तू नंतर बदलता येतात, काही येत नाहीत. माहिती साठवणारी एसएसडी पुढे मोठी बसवता येते. बऱ्याच लॅपटॉपमध्ये रॅमही वाढवता येते. पण ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर बहुतेक लॅपटॉपमध्ये पक्के जोडलेले असतात. ते एकदा घेतले की घेतले! म्हणून पैसे कमी असतील तेव्हा साधा नियम पाळा: जे नंतर बदलता येत नाही, त्यावर आज खर्च करा, जे बदलता येतं, ते पुढच्या दिवाळीवर ढकला. कीबोर्डखाली चमकणारे सप्तरंगी दिवे? त्यांनी गेमचा वेग रतीभरही वाढत नाही, बरं का!

दुकानात नुसतं कार्डाचं नाव ऐकून हुरळून जाऊ नका. एनव्हिडियाचं 'आरटीएक्स ३०५०' हे लॅपटॉपमधलं कार्डच घ्या. ते ४ जीबी आणि ६ जीबी अशा दोन्ही प्रकारांत आलं. शिवाय लॅपटॉप बनवणारी कंपनी त्याला ३५ वॉटपासून ८० वॉटपर्यंत वीज देऊ शकते. नाव एकच, पण अंगातली ताकद वेगळी! म्हणून सरळ विचारा, "काका, याचं ग्राफिक्स कार्ड किती वॉटचं? रॅम वाढवायला जागा आहे का, की सोल्डर करून पक्की केलीय?" असा प्रश्न आला, की दुकानदारही ओळखतो – गिऱ्हाईक तयारीचं आहे!

जास्त वीज म्हणजे जास्त उष्णता. म्हणून लॅपटॉपच्या बाजूला आणि खाली हवेची भोकं असतात. चालू लॅपटॉप गादीवर किंवा गोधडीवर ठेवलात, तर ती बुजतात. मग बिचारा तापतो आणि आपला वेग आपणच कमी करतो. खेळताना चार्जरही लावलेला हवा. नुसत्या बॅटरीवर ग्राफिक्स कार्डाला पुरेशी वीज मिळत नाही.

आई-बाबांसाठीही दोन गोष्टी. स्वस्त दिसणाऱ्या काही लॅपटॉपमध्ये विंडोज घातलेली नसते. तो खर्च वेगळा पडतो. आणि "बिल नको, थोडं कमी करतो" असं कोणी म्हणालं, तर भुलू नका. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी असतो, तो वाचल्यासारखा वाटतो खरा. पण वॉरंटीच्या वेळी पक्कं बिल नसेल तर हात चोळत बसावं लागतं.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मात्र दुकानात नाही, घरीच विचारायचा: मला नेमके कोणते गेम खेळायचेत? माइनक्राफ्ट किंवा व्हॅलोरंट यांना तर वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेला बऱ्यापैकी नवा लॅपटॉपही चालतो. मग हजारो रुपये जास्त कशाला घालवायचे? प्रत्येक गेमसाठी किमान काय लागतं आणि काय असलेलं बरं, हे गेम काढणारी कंपनीच सांगते.

तेव्हा दोस्तांनो, एक वही घ्या आणि तीन रकाने आखा. पहिल्यात आवडते गेम, दुसऱ्यात त्यांना लागणारं ग्राफिक्स कार्ड व रॅम, तिसऱ्यात अभ्यासासाठी काय हवं ते. मग वही आई-बाबांपुढे ठेवा. ते पैसे त्यांनी महिनोन्महिने, एकेक खर्च मागे सारून साठवलेले असतात. "मित्राकडे आहे म्हणून मलाही हवा" यापेक्षा ती वही त्यांना जास्त पटेल. आणि कदाचित त्या वहीतूनच कळेल, की घरातला जुना कॉम्प्युटर थोडी रॅम वाढवून अजून दोन वर्षं सहज चालेल. तसं झालं, तर लॅमिंग्टन रोडवरून तुम्ही रॅमची एक छोटीशी पट्टी घेऊन परताल. पण सौदा तुमचाच खरा!