अंगणातला चारबाग

तीन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात बीडच्या आमच्या घरापुढचे लॉन जळाले. नळाला दहा-दहा दिवस पाणी नव्हते. अम्मी म्हणाली, "बेटा, प्यायचं पाणी गवताला घालतं का कुणी?" मी बागेचा नादच सोडला.

पुढे ईदला मामूंकडे औरंगाबादला गेलो. त्यांनी बीबी का मकबरा दाखवला. दिलरस बानू बेगमसाठी सतराव्या शतकात बांधलेला. मामू म्हणाले, "घुमट नंतर बघ, आधी जमीन बघ." फरसबंद वाटा, मधून सरळ पाण्याचे पाट, बाजूला झाडांचे चौकोन. चारबागेची ही रीत इराणच्या कोरड्या मुलखातली. पाणी मोजके, म्हणून आधी पाण्याची वाट आखायची, मग तिच्या कडेने झाडे लावायची. शहरातली पाणचक्कीही तेच सांगते: तिचे पाणी काही कोसांवरच्या डोंगरातून मातीच्या नळांनी आणलेले.

घरी येऊन लॉन काढले. मधे फरशीची वाट, दोन्ही बाजूंना खोलगट वाफे. वजूचे पाणी उताराने त्यांत जाते. पाण्याच्या तोंडाशी डाळिंब, मग मेंदी आणि कढीपत्ता, टोकाला कोरफड. ज्याची तहान जास्त, तो पाण्याजवळ. बुंध्यांशी वाळका पालापाचोळा. पहिले दोन उन्हाळे रोपे जपावी लागली. आता मुळे खोल गेली आहेत.

यंदा डाळिंबाला लाल फुले आली. अम्मी असरचा वजू मुद्दाम अंगणातच करते.