चांगलं लाकूड लागेपर्यंत

लाकडी बोट कुजते ती पावसाने. खारं पाणी उलट लाकूड सांभाळतं, कारण कुजवणाऱ्या बुरशीला मीठ मानवत नाही. न्यू इंग्लंडमध्ये पूर्वी जहाज बांधताना बरगड्यांमधल्या पोकळ्यांत मुद्दाम खडेमीठ भरत असत. बुरशीला हवं असतं गोडं पाणी, हवा आणि बेताची ऊब. लाकडातला ओलावा 20 टक्क्यांच्या खाली असेपर्यंत तिचं काही चालत नाही. तिशीच्या आसपास गेला की ती फोफावते. म्हणून कुजण्याची सुरुवात बहुधा वरून होते. खिडकीचा कोपरा, डेकमधल्या एखाद्या स्क्रूचं भोक, कठड्याच्या खांबाचं बूड. पावसाचं पाणी आत शिरतं आणि लाकडाला वाळायला वाव मिळत नाही, अशा जागा.

कोकणात हे कुणाला शिकवावं लागलं नाही. मृगाच्या आधी होड्या वाळूवर ओढायच्या आणि वर माडाच्या झापांचं छप्पर घालायचं, हा तिथला रिवाज. वर्षभर लाटा खाणारी होडी पावसात मात्र झाकून ठेवतात. वादळ हे होड्या वर काढण्याचं कारण आहेच, पण नुसत्या वादळासाठी झापं कशाला लागली असती? त्या झापांचं मोल मला नीट उमगलं ते पार दुसऱ्या किनाऱ्यावर.

गेली काही वर्षं मी अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, वॉशिंग्टन राज्यात राहतो. तिथल्या पोर्ट टाउनसेंड गावात लाकडी बोटींची दुरुस्ती हा आजही जिवंत धंदा आहे. 1977 पासून दर सप्टेंबरमध्ये तिथे लाकडी बोटींचा उत्सव भरतो. ऑलिंपिक पर्वताच्या आडोशामुळे गावात पाऊस वर्षाला जेमतेम 19 इंच, आपल्या माणदेशाइतका. पण शंभरेक किलोमीटर इकडेतिकडे गेलं की हिवाळाभर झिमझिम थांबत नाही. माझ्या एका स्नेह्यांची बोट अशाच ओल्या बंदरात बरीच वर्षं उभी होती. 36 फुटी, ग्रँड बँक्स जातीची मोटरयॉट, साठच्या दशकात हाँगकाँगच्या ‘अमेरिकन मरीन’ यार्डात बांधलेली. 1973 मध्ये फायबरग्लास येईपर्यंत या बोटी लाकडीच बांधत: फिलिपिनी महोगनीच्या फळ्या, याकाल नावाच्या जड लाकडाच्या बरगड्या, वर सागवानी डेक. ती दुरुस्तीला काढली तेव्हा हाताखाली मदतनीस म्हणून मी सुट्टीच्या दिवशी जाऊ लागलो.

खिडकीखालच्या रंगाला बारीकसा फुगवटा होता, एरवी रंग तुकतुकीत. काम बघणाऱ्या कारागीर बाई लहान हातोडीने ठोकत ठोकत तिथवर आल्या. निरोगी लाकूड खणखणीत बोलतं. फुगवट्यापाशी आवाज बसला. त्यांनी टोचा टेकवला, तो मुठीपर्यंत आत गेला. आतलं लाकूड तपकिरी झालेलं, उभ्याआडव्या भेगांनी त्याचे चौकोनी तुकडे पडलेले, बोटांत चुरगळलं की भुगा. ही बुरशी लाकडातलं सेल्युलोज खाते आणि लिग्निन मागे ठेवते, त्यामुळे आकार राहतो आणि बळ जातं. वजन फारसं घटायच्या आधीच लाकडाची ताकद निम्म्याहून कमी झालेली असू शकते. मग फळी उतरवली, तर मागच्या बरगडीचं डोकं गेलेलं. त्या डोक्यालगत टेकणाऱ्या डेकच्या तुळईचं टोकही गेलेलं. पाणी जसं उतरत गेलं, तसतशी कीड उतरत गेली होती.

या टप्प्यावर मालकाला एक स्वस्त वाट हमखास सुचवली जाते. पातळ इपॉक्सी मुरवायचं, खड्ड्यात लांबी भरायची, घासून रंग द्यायचा. कपाटाच्या दाराला हे चालून जाईल. तुळईला, बरगडीला किंवा इंजिनाच्या बैठकीला हे करणं मला गैर वाटतं, अगदी पैशांची चणचण असली तरीही. इपॉक्सीने कुजका भुगा टणक होतो, पण खाल्ले गेलेले तंतू परत येत नाहीत. आणि ते जिथवर पोचतं त्याच्या पलीकडचं ओलं लाकूड आत कोंडलं जातं, तिथे बुरशी आपलं काम चालूच ठेवते. अशी बोट रंग देऊन विकली जाते आणि ती घेणारा मुलाबाळांना घेऊन समुद्रात जातो.

खरं काम कापण्यापासून सुरू होतं. बुरशीचे धागे दिसणाऱ्या डागाच्या पुढे गेलेले असतात, म्हणून लाकडाच्या रेषेने निदान फूटभर पुढे जाऊन कापायचं. तेवढ्यावर चांगलं लाकूड लागलं नाही, तर आणखी पुढे. त्याआधी बोटीला बाहेरून टेकू आणि आतून आडवे दांडे द्यायचे, कारण शेजारशेजारच्या बरगड्या एकदम काढल्या तर कूस सुटते आणि गेलेला आकार सहजी परत मिळत नाही. कुजकी तुळईसुद्धा मोडू न देता बाहेर काढावी लागते. तिचा बाक हाच नव्या तुळईचा नकाशा असतो, कागदावरच्या कुठल्याही नकाशापेक्षा खरा. जिथे जुन्याला नवं जोडायचं तिथे तिरका सांधा: 1 इंच जाडीला 8 इंच उतार. बरगडीसाठी पांढऱ्या ओकची पट्टी वाफेच्या पेटीत ठेवतात, इंचभर जाडीला साधारण तासभर. बाहेर काढली की क्षणाचाही उशीर चालत नाही. चामडी हातमोजे घातलेली तीनचार माणसं ती पळवत नेतात, दाबतात, पिळतात, शिकंजे आवळतात, आणि एवढं ताठ लाकूड निमूट बोटीच्या कुशीला लागून बसतं. हे पाहताना मला दर वेळी भरून येतं. नंतर उरलेल्या जुन्या लाकडाला बोरेटचं द्रावण, काशाचे स्क्रू, फळ्यांच्या फटीत ठोकून बसवलेला कापूस. आणि खिडकीचा तो कोपरा नव्याने, पाणी साचणार नाही असा. तो तसाच ठेवला असता तर बाकी सगळं व्यर्थ गेलं असतं.

दुर्लक्षाची किंमत मोठ्या जहाजांनीही मोजली आहे. 1782 मध्ये स्पिटहेडला ‘रॉयल जॉर्ज’ ही ब्रिटिश युद्धनौका नांगरलेल्या जागीच बुडाली, शेकडो माणसं गेली. सांगाडा कुजून खचला, असा लष्करी न्यायालयाचा निष्कर्ष होता. उलट आपल्या मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडियांनी मलबारी सागाची बांधलेली 1817 ची ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडमधल्या हार्टलपूलला अजून तरंगते आहे. त्यात सागाचा वाटा आहेच, पण तिथे अकरा वर्षं चाललेल्या जीर्णोद्धाराचाही आहे. अमेरिकेच्या अध्यक्षांची ‘सेक्वोया’ तर मोटरयॉटच, 1925 ची, 104 फूट लांब, जॉन ट्रम्पी यांच्या आराखड्याची. केनेडींनी आपला शेवटचा वाढदिवस तिच्यावर साजरा केला. 1977 मध्ये कार्टर यांनी ती विकायला काढली. पुढे मालकीच्या भांडणात ती व्हर्जिनियातल्या एका यार्डात कुजत राहिली. 2016 च्या निकालात न्यायाधीशांना तिच्यात रॅकून राहत असल्याची नोंद करावी लागली. 2019 मध्ये बार्जवर चढवून तिला दुरुस्तीसाठी मेनला न्यावं लागलं. खटला चालू होता तेवढ्या काळात कुणी तिच्यावर धड छप्पर घातलं असतं, तर पुढचं किती काम वाचलं असतं.

स्नेह्यांची बोट उन्हाळ्याच्या तोंडाशी पाण्यात उतरली. सुकलेल्या फळ्या फुगून फटी मिटेपर्यंत थोडं पाणी आत आलं, मग थांबलं. आता तिच्यावर ऑक्टोबर ते एप्रिल ताडपत्री असते, दोन्ही टोकांना वाऱ्याला वाट ठेवून.

तुमच्याकडे होडी नसेल, पण गावी जुनं घर असेल. माडीच्या तुळया भिंतीत जिथे शिरतात, पन्हळीखाली वासे जिथे टेकतात, तिथे यंदा पावसाआधी एकदा टोचा घालून पाहा. रुतला, तर रंगाऱ्याच्या आधी सुताराला बोलवा.