शिळफाट्याचा रावस

शिळफाट्याला जाते म्हटले की आमच्या डोंबिवलीतली माणसे हमखास विचारतात, "म्हणजे कल्याणजवळचा ना?" नव्हे हो! माझा शिळफाटा खोपोलीचा, बोरघाटाच्या पायथ्याचा. आमचे एक व्याही एकदा त्या दुसऱ्या शिळफाट्याला उतरून तासभर दादाचे घर शोधत हिंडले होते. आमच्या घरात ती गोष्ट अजून दर दिवाळीला निघते.

कर्जत सोडले की मोठ्या गाड्या घाट चढू लागतात आणि आपली लोकल पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी करीत एकेरी रुळावरून खोपोलीला जाऊन थांबते. पुढे रूळच नाहीत. रेल्वे इथे १८५६ साली आली, पण बोरघाटातला लोहमार्ग सुरू व्हायला १८६३ साल उजाडले. तोवर पुण्याला जाणारे लोक इथे उतरून पालखीतून नाहीतर पायी घाट चढत. "आता पुढे कसे?" हा इथला जुनाच प्रश्न. गेल्या सप्टेंबरातल्या एका बुधवारी मीही तोच प्रश्न घेऊन निघाले होते.

वहिनी जाऊन सव्वा वर्ष झाले होते. दादा एकटा. मुलगी नॉर्वेत, स्टाव्हांगरला. दादाची सारी नोकरी इथल्या एका कारखान्यात गेली आणि त्या सबंध काळात त्याने चहाचे आधणसुद्धा कधी ठेवले नव्हते. तेव्हा त्याने घर बंद करून डोंबिवलीला यावे, असे आम्ही भावंडांनी परस्पर ठरवून टाकले. सांगायचे कुणी? धाकटी म्हणून मी!

दादाच्या गच्चीतून सह्याद्रीची भिंत दिसते आणि तिच्यावरून उतरणारे टाटांचे अजस्र नळ. वरच्या धरणांचे पाणी १९१५ पासून ह्या नळांतून खाली येते, वीज करते आणि मग पाताळगंगेला मिळते. म्हणून ही नदी भर वैशाखातही वाहती असते. घराजवळून मुंबई-पुणे जुना रस्ता जातो. २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पुरा होण्याआधी इथे रात्रंदिवस ट्रकांची घरघर असे. वहिनीला मीठ मागायचे तरी ओरडून मागावे लागे.

मी पोहोचले तेव्हा साडेसात झाले होते. पदर खोचून स्वयंपाकघराकडे वळले, तर दादा म्हणाला, "तू बस. वीस मिनिटांत जेवू."

मी ऐकतच राहिले.

त्याने कुकर लावला आणि फ्रीजमधून रावसाच्या चार तुकड्या काढल्या, दीड बोट जाड, कातडीसकट. "लेक तिकडे कामावरून आली की सॅमन करते," तो म्हणाला. "मध, सोया सॉस, लसूण. वरून चकाकी येते. मला फोनवर दाखवलंन. पण खोपोलीत सॅमन कुठला?"

हॉटेलांच्या कार्डांवर रावसाला 'इंडियन सॅमन' म्हणतात खरे, पण त्या दोघांचे नातेगोते काही नाही. सॅमन थंड मुलखातला, समुद्रात वाढून अंडी घालायला नदी चढणारा; मांस नारिंगी, तेलकट. आपला रावस उथळ किनाऱ्याचा नि खाड्यांचा, मांसाने फिकट आणि चरबीने बेताचा. म्हणून तो चुलीवर जरा जास्त राहिला की कोरडा पडतो. हे मला दादाने सांगितले. दादाने!

तुकड्या त्याने फडक्याने कोरड्या टिपल्या. "ओल राहिली तर मासा भाजत नाही, शिजतो." हळद, चिमूटभर मीठ. निर्लेप तव्यावर तेल तापवून कातडीची बाजू खाली. मी सवयीने उलथने उचलले, तर त्याने माझा हात धरला. "चार मिनिटं हात लावायचा नाही. सुटायचा तेव्हा तो आपला आपण सुटतो." मग एकदाच उलटला, दोन मिनिटे. तेवढ्यात वाटीत दोन चमचे कोकमाचे आगळ, दीड चमचा किसलेला गूळ, चार पाकळ्या ठेचलेला लसूण, तिखट आणि थोडे पाणी.

माशात गूळ! आमच्या आईने ऐकले असते तर जेवणावरून उठली असती. मी जीभ चावून गप्प बसले.

"गूळ शेवटी," तो म्हणाला. "पहिल्या वेळी आधीच घातला. सगळं जळून कोळसा. त्या रात्री दूध-पोहे खाल्ले." आच मंद करून त्याने वाटी तव्यात ओतली. फेस आला, चमच्याने तो रस माशावर पुन्हा पुन्हा सोडत राहिला, आणि बघता बघता तुकड्यांवर गर्द तांबडी झिलई चढली. आगळात मीठ असतेच, म्हणून मीठ बेताचे. माशातून पांढरे ठिपके बाहेर यायला लागले की समजायचे, वेळ टळली. त्याने त्याआधीच उतरवला.

भात, काकडीची कोशिंबीर, रावस. आंबट, गोड, तिखट. खरे सांगते, मी दोन तुकड्या खाल्ल्या आणि तिसरीकडे पाहिले.

मग ओट्यावरच्या बाटलीकडे लक्ष गेले. लेबलावर वहिनीचे अक्षर होते: 'आगळ, मे'. जाण्याआधीच्या महिन्यात तिने भरलेली शेवटची बाटली. तळाशी तीन बोटे उरले होते.

"आठवड्याला दोन चमचे," दादा माझ्या नजरेचा रोख ओळखून म्हणाला. "बुधवारी कोळीण पेणहून येते, त्या रात्रीच करतो. एरवी खिचडी."

आता बोलावे म्हणून मी पाणी प्याले. तो ताटे उचलत होता.

"अगं, आगळ करायला रातांबे किती लागतात? तुला ठाऊक असेल. मे महिन्यात चार दिवस सवड काढून ये. मीठ किती, उन्हात किती ठेवायचं, सगळं लिहून घेतो मी."

मी प्रमाण सांगितले. त्याने ते कॅलेंडरच्या पाठीवर लिहून घेतले.

सकाळी परतीच्या लोकलमध्ये मधल्या भावाचा फोन आला. "काय म्हणाला दादा? कधी येतोय?"

"रातांबे हवेत म्हणाला," मी म्हटले. "तुझा तो कुडाळचा मित्र आहे ना, त्याला आत्ताच सांगून ठेव."