माझ्या हातात काय आहे?

पहाटेचा बिगुल, पीटी, परेड, वर्ग, प्रेप, लाइट्स आउट. आमचा सगळा दिवस दुसऱ्यांनी ठरवलेला असतो. मग आम्ही स्वतंत्र कसे?

एपिक्टेटस रोममध्ये गुलाम होता, पायाने अधू होता. पुढे तो तत्त्वज्ञ झाला. त्याने शिकवलं, की शरीर, पद, लोकांचं मत आपल्या हातात नाही. आपला निर्णय मात्र आपलाच असतो. अमेरिकन नौदलाचे वैमानिक जेम्स स्टॉकडेल यांनी त्याचे विचार वाचले होते. १९६५ मध्ये उत्तर व्हिएतनाममध्ये त्यांचं विमान पाडलं गेलं. पाय मोडला. सात वर्षांहून जास्त कैद आणि छळ सोसूनही ते भिंतीवर सांकेतिक ठोके देऊन सोबतच्या कैद्यांना धीर देत राहिले.

मला फायटर पायलट व्हायचं आहे. यंदा माझ्या चष्म्याचा नंबर वाढला. वाईट वाटतं. पण मेडिकलचा निकाल माझ्या हातात नाही. रोजचा सराव, गणिताचा अभ्यास आणि घरच्या आठवणीने रडणाऱ्या ज्युनियरशी दोन शब्द प्रेमाने बोलणं, एवढं नक्कीच माझ्या हातात आहे. ते मला कोणत्याही बिगुलाशिवाय करायचं आहे.