हिरड्याची नोंद

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्याला धडकले आणि सह्याद्री ओलांडून आपल्या जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात शिरले. टाळेबंदीमुळे मार्चपासून वसतिगृह रिकामे होते. म्हणजे ज्या घरांचे पत्रे व कौले उडाली, त्यांतल्या काही घरांत त्या दिवशी आपलेच विद्यार्थी होते.

पुढे शिक्षक व माजी विद्यार्थी मिळून आम्ही धान्य, ताडपत्र्या, पत्रे पोहोचवले. त्याचा हिशेब येथे मांडत नाही. देणाऱ्यांची नावे मोजू लागलो की घेणाऱ्यांची मान खाली जाते. सांगायचे आहे ते हिरड्याविषयी.

आहुप्याच्या खोऱ्यात काय किंवा कुकडीच्या उगमाकडे काय, महादेव कोळी कुटुंबांच्या हाती पावसाळ्यापूर्वी जो रोख पैसा येतो, तो बाळहिरड्याचा. कोवळी फळे झोडायची, वेचायची, वाळवायची आणि विकायची. बियाणे त्यातून येते आणि दर जूनला वसतिगृहात दाखल होणाऱ्या कित्येक पत्र्याच्या पेट्या व वह्याही त्यातूनच येतात. वादळाने फळ झडले, तसे पिढ्यान्‌पिढ्या जपलेले वृक्षही मुळासकट आडवे केले. नवे झाड फळावर यायला वर्षे लागतात.

पंचनामे सुरू झाले तेव्हा एका विद्यार्थिनीच्या आजीने विचारले, “गुरुजी, घराचं लिवलं. झाडाचं कुठं लिवायचं?” प्रश्न नेमका होता. पडलेल्या घराला, शेतपिकाला, दगावलेल्या जनावराला मदतीचा दर ठरलेला होता. हिरडा वनोपज, त्याला रकाना नव्हता. एका कार्यालयात तर आम्हांस ‘जंगली झाडाची कसली भरपाई’ असे ऐकवण्यात आले.

आम्ही इतिहास शिकवतो, म्हणून येथे थोडे विषयांतर. जुन्नरच्या लेण्यांतील एका शिलालेखात अडुथुम नावाच्या शक उपासकाने करंज व वड लावण्यासाठी जमिनीचे उत्पन्न दान दिल्याची नोंद आहे. याच तालुक्यात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी झाडाला दगडावर जागा मिळाली होती! आणि १९४३ मध्ये दामोदर नदीला महापूर आला, तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असलेल्या बाबासाहेबांनी तो प्रश्न दयेवर सोडला नाही. संपूर्ण खोऱ्याच्या नियोजनाचा विषय केला. आपत्तीतील मदत हा हक्क आहे, हे आम्ही वर्गात शिकवत होतोच.

म्हणून मोठ्या वर्गांतील मुलांनी आपापल्या वाडीत याद्या केल्या: कोणाच्या बांधावर किती हिरडे, किती पडले, किती मोडले, वेचणारे कोण. शेवटचा रकाना मुलींनी स्वतःहून वाढवला, कारण सातबारा बहुधा पुरुषाच्या नावे आणि वेचणी मात्र बायकांची. पुढे भरपाईसाठी आदिवासी बांधवांना अर्ज, मोर्चे, धरणी यांत वर्षे घालवावी लागली. त्या लढ्याचे श्रेय त्यांचेच. आपल्या मुलांच्या याद्या फक्त काही अर्जांना जोडल्या गेल्या.

या याद्यांची एक प्रत शाळेच्या ग्रंथालयात आहे. मोडलेल्या काही झाडांना नंतर फुटवे आले, तेवढी दुरुस्ती त्यांत राहिली आहे. सुट्टीत गावी जाणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी ती करून पाठवावी.