माळ्यावरचा डबा

दिवाळीस आम्ही सारे जळकोटास जमलो, तेव्हा पुतण्याने पहिल्या पगारातून प्लेस्टेशन ५ आणले होते. ते पाहताच आमच्या धाकट्या बंधूंनी माळ्यावरून एक डबा काढला. आत प्लेस्टेशन ३ च्या तबकड्या! बापलेकांनी मिळून खेळलेल्या.

“बाबा, यावर चौथ्याच्या बहुतेक चालतात, या नाही चालायच्या,” पुतण्या हळूच म्हणाला.

बंधूंचा चेहरा उतरला. मी कारण विचारले. २००६ सालच्या त्या यंत्राचा ‘सेल’ प्रोसेसर इतक्या निराळ्या घडणीचा, की त्याची नक्कल करणे नव्यास अवघड. म्हणून काही देशांत ते खेळ कंपनीच्या दूरच्या यंत्रांवर चालतात. घरी येते ते केवळ चित्र. २०२२ साली ती वर्गणी नव्या रूपात निघाली, तेव्हा हिंदुस्थानच्या वाट्यास ही सोय आली नाही.

मला त्याचे फारसे वाईट वाटले नाही. बटणाचा निरोप तिकडे पोचून चित्र परतेपर्यंत आमच्याकडची वीज जायची! शिवाय वर्गणी थांबली की खेळ बंद. तबकडी निदान आपली असते.

पुतण्या दुसऱ्या दिवशी पुण्यास परतणार होता. त्याने स्टूल ओढले, माळ्यावरचे जुने यंत्र उतरवून पुसले आणि चटई अंथरली.

“बाबा, तुम्ही डावीकडे बसा. तुमची जागा तीच होती.”