श्वानाचे चिनी नाव

नाव ठेवणे आणि नावे ठेवणे या दोहोंत मराठी भाषेने अवघ्या एका मात्रेचे अंतर ठेविले आहे. इ. स. २०२० च्या श्रावणात आमच्या घरी पग जातीचे एक पिल्लू आले, तेव्हा या मात्रेसाठी आम्हांस चांगलेच भांडावे लागले.

ही जात मूळची चीनची. सबब नावही चिनीच हवे, असा आमच्या नातवाचा हट्ट. त्याच वर्षीच्या जूनमध्ये गलवान खोऱ्यात आपले २० जवान धारातीर्थी पडले होते. शेजारच्या गृहस्थांचे चिरंजीव त्या वेळी लडाखात होते, आणि घरी आठ-आठ दिवस फोन येत नसे. ते म्हणाले, "मास्तर, चिनीच नाव पाहिजे ना? मग त्यांच्या सत्ताधीशाचे ठेवा. येता-जाता हाडहाड तरी करता येईल!" मंडळी हसली. त्या बापाचा संताप आम्हांस कळत होता. परंतु एका मुक्या जीवाने दुसऱ्याच्या वाट्याच्या शिव्या जन्मभर खाव्यात, हे काही आमच्या मनास येईना.

असल्या नामकरणाचा एक दाखला इतिहासात आहे. १८६० साली इंग्रज व फ्रेंच फौजांनी पेकिंगजवळचा चिनी बादशहांचा ग्रीष्मप्रासाद लुटला. मग इंग्रजांनी तो जाळला. त्या फौजेत हिंदुस्थानातून नेलेल्या पलटणीही होत्या. तेथे सापडलेली एक इवलीशी कुत्री एका इंग्रज अधिकाऱ्याने विलायतेस नेली आणि व्हिक्टोरिया राणीस नजर केली. तिचे नाव पडले 'लूटी'! शब्द आपल्याच लुण्ठ् धातूच्या कुळातला. इंग्रजांनी तोही येथूनच उचललेला. १८७२ साली मरेपर्यंत ती बिचारी त्याच नावास 'ओ' देत राहिली असेल.

तेव्हा चिनी लोक स्वतः आपल्या कुत्र्यांस काय म्हणतात, याचा आम्ही शोध घेऊ लागलो. थोरांचे नाव कुत्र्यास देणे दूरच, ते उच्चारणेही तेथे वर्ज्य असे. कांग्शी बादशहाच्या नावात 'श्युआन' हे अक्षर होते, तेवढ्यासाठी पेकिंगच्या राजवाड्याच्या उत्तर दरवाजाचे नाव बदलावे लागले. पतीचे नाव उखाण्याखेरीज कधी न घेणाऱ्या आमच्या आजीस यात काहीच नवल वाटले नसते. कुत्र्यास तेथे बहुधा रंगावरून हाक मारतात: काळा तो 'श्याओहेइ', पिवळा तो 'आह्वांग'. आपल्या वैदिक वाङ्मयातील यमाचे दोन श्वान, श्याम आणि शबल, तेही रंगावरूनच. दुसरी तऱ्हा शुभशब्दांची: 'लायफू' म्हणजे भाग्य आले, 'वांगत्साय' म्हणजे धन वाढो.

आणखी एक गोष्ट वाचली, तेव्हा मात्र आम्ही पुस्तक मिटून थोडा वेळ स्वस्थ बसलो. जुन्या काळी चिनी खेड्यांत मुले जगेनाशी झाली, म्हणजे नव्या बाळाचे नाव 'गौशंग' ठेवीत. अर्थ, कुत्र्याने टाकलेले उष्टे. इतके हलके पोर कोण नेणार? आमच्या वडिलांच्या आधीची तीन भावंडे गेली, म्हणून त्यांचे नाव धोंडू. शाळेच्या दप्तरी त्यांनी ते पुढे बदलून घेतले. आजी मात्र शेवटपर्यंत 'धोंडू'च म्हणे, आणि म्हणताना दाराकडे एकवार पाहून घेई. कोणा गौशंगाच्या आईशी तिची गाठ पडती, तर दोघींना दुभाष्या लागला नसता.

नातवाने 'वांगत्साय' पसंत केले. चिनी भाषेत सुरांचे महत्त्व फार. उदात्त-अनुदात्ताच्या चुकीने मंत्राचा अर्थ फिरतो, हे आम्ही लहानपणी छडी खाऊन शिकलो. तेथे तर 'मा' हे एकच अक्षर सुरागणिक आई, ताग, घोडा किंवा खडसावणे होते. या नावातला 'वांग' वरून खाली उतरता म्हणावयाचा. तोच वर सपाट धरला, की चिनी कुत्र्याचे भुंकणे होते. धनवृद्धीऐवजी नुसते भुंकणे पदरी पडावे, हे आमच्यासारख्या पेन्शनरास परवडणारे नाही. 'त्साय' मात्र मराठी जिभेस जड नाही. 'चाका'तला च त्याच्या पुष्कळ जवळ आहे.

शेजाऱ्यांनी नाव ऐकले आणि ते काहीच बोलले नाहीत. ते त्यास 'मोत्या' म्हणून हाक मारतात, आणि तोही जातो. आम्ही नावाचा आग्रह धरिला नाही. त्यांचे चिरंजीव रजेवर सुखरूप घरी आले, त्या दिवशी आमच्याकडे पेढ्यांचा पुडा आला, आणि मोत्यासाठी निराळी पोळी.

आमच्या सौ.नी मात्र सुरांची भानगड न ठेवता त्याचा 'वांगू' केला आहे. परवा फाटकाशी त्या भाजीवाल्याबरोबर वांग्यांचा भाव करीत होत्या. पहिल्या 'वांगी'सरशी हा गृहस्थ जिना उतरून धावत खाली गेला, आणि पावशेराचा भाव ठरेपर्यंत दोघांच्या मध्ये बसून एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहात राहिला.